केरामा बेटावर, कापडाच्या घरात

"आजी, हॉटेल कुठलं बघू? समुद्र दिसणारं की लिफ्टवालं?" रेवानं फोनवर विचारलं.

"तंबू बघ," मी म्हटलं.

"तंबू?" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली, की मी फोन कानापासून लांब धरला. रेवा म्हणजे माझ्या लेकीची लेक. जपानच्या अगदी दक्षिणेला ओकिनावा म्हणून बेटांची लांबच लांब माळ आहे, तिथं ती प्रवाळांवर संशोधन करते. जपान म्हटलं की ज्यांना बर्फ आठवतो त्यांनी तो विसरावा. इथं ऊस होतो, केळी होतात, कारली होतात आणि मार्चमध्ये आपल्या दिवाळीनंतरसारखी हवा असते. दोन वर्षं ती "या, या" म्हणून आमच्या मागं लागली होती. आता येतो म्हटलं, तर म्हातारी तंबू मागते!

अर्ध्या तासात तिच्या आईचा फोन. "आई, अगं नानांच्या छातीत दोन स्टेंट आहेत."

"ते तंबूतही छातीतच राहतील," मी म्हटलं आणि कुकर लावायला गेले.

नाना म्हणजे आमचे हे. वय पंच्याहत्तर. जायकवाडीच्या कालव्यावर पाटकरी होते, म्हणजे कुठल्या शेताला कधी आणि किती वेळ पाणी सोडायचं ते बघायचं, दार उघडायचं, दार लावायचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं शिकवलं. भूगोल माझा आवडता विषय, असं मी तरी समजत होते.

तंबूचा हट्ट कशासाठी, ते आधीच सांगून टाकते. घरात कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगते.

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी आमचं लग्न झालं. दोन्ही घरं मेंढपाळांची. पण माझ्या वडिलांनी खुलताबादला कारकुनी धरली होती आणि ह्यांच्याकडची माणसं अजून वर्षातले आठ महिने मेंढरांमागं फिरत होती. लग्नानंतर महिन्याभरानं त्यांचा तळ पाचोडजवळ एका शेतात पडला होता. तिथं माझ्या सासूबाईंनी (आत्याबाई म्हणायचे मी त्यांना) नव्या सुनेसाठी वेगळं पाल ठोकलं होतं. पाल म्हणजे कापडाचा तंबू. त्यांनी आतली जमीन सारवून घेतली होती, नवी गोधडी अंथरली होती. आणि एस.टी.तून उतरलं कोण? तर नुकतीच डी.एड. झालेली एक बया. डोळ्यांवर काळा चष्मा, सगळ्यांना दिसेल असं बांधलेलं घड्याळ, हातात फुलाफुलांची छत्री, पायात उंच टाचेच्या चपला, आणि त्या टाचा ढेकळांत रुतलेल्या. बयेनं पालाकडं बघितलं आणि विचारलं, "ह्याला दार कुठंय?"

एवढ्यावर थांबली असती तरी निभावलं असतं. पण शिकलेली ना! सासूसासरे, दीर, नणंद, सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, "मी कापडाच्या घरात राहणार नाही. पक्कं घर होईल तेव्हा बोलवा." आणि बांधावर जाऊन छत्री उघडून जी उभी राहिली, ती शेवटची एस.टी. येईपर्यंत. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. छत्री कशाला उघडली होती, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मेंढरं चरायची थांबून तिच्याकडं बघत होती. आत्याबाई एक शब्द बोलल्या नाहीत.

चार महिन्यांनी ह्यांनी मेंढरं सोडली आणि कालव्यावर लागले. पैठणला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. निवृत्त झाल्यावर आम्ही पडेगावला घर बांधलं. पण ह्यांच्या थोरल्या बहिणीनं, आमच्या आक्कांनी, मला कधी सोडलं नाही. लग्न असो, बारसं असो, तेरावं असो, पंगतीत माझ्या पानाजवळ आल्या की आक्का म्हणायच्याच, "हीच ती मास्तरीण. हिनं आमचं पोरगं मेंढरांतून तोडलं." मी खाली मान घालून जेवायची. खरंच होतं ते. आत्याबाई गेल्या तेव्हा त्यांच्या पायाशी बसून मनात पुष्कळ बोलले, पण तोपर्यंत त्या ऐकण्यापलीकडं गेल्या होत्या.

आणि हे? अजूनही दौलताबादच्या रस्त्यानं एखादा कळप जाताना दिसला, की हे फाटकाशी उभे राहतात. शेवटचं मेंढरू दिसेनासं होईपर्यंत हलत नाहीत. मी आतून बघत राहते.

एक वाक्य माझ्याकडं कित्येक वर्षं पडून होतं. "त्या दिवशी मी चुकले, माझ्यामुळं तुमची मेंढरं सुटली." बस्स, एवढंच. पण पक्क्या घरात ते तोंडातून बाहेर पडेना. वाटलं, कापडाच्या घरात पडेल. मग तेवढ्यासाठी थेट जपान गाठायचं? तर हो. पडेगावला गच्चीवर तंबू ठोकला असता तर पाहुणे आले असते.

नाहा

तीन विमानं बदलून आम्ही ओकिनावाच्या नाहा शहरात उतरलो. विमानांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एवढंच, की ह्यांनी आपली जुनी घोंगडी बरोबर घेतली होती आणि तपासणीवाल्या पोरीनं ती उलगडून, झटकून, हुंगून बघितली. हुंगल्यावर ती जरा मागं सरकली. "असली वस्तू हाय," हे मला अभिमानानं म्हणाले.

रेवानं दुसऱ्या दिवशी बाजारात नेलं. परदेशात गेल्यावर काहीतरी अद्भुत दिसेल असं वाटतं, आणि दिसलं काय, तर गूळ! काळसर ढेपेचे तुकडे पुड्यांतून विकायला ठेवलेले. विकणाऱ्या आजीबाईनं चव बघायला तुकडा दिला. ह्यांनी तो जिभेवर ठेवला, डोळे मिटले.

"पाक जरा जादा तापलाय," असा निकाल दिला. "पर गूळ चोख हाय."

पुढच्या गाळ्यावर कारली. ही मंडळी कारलं अंडं घालून, सोयाबीनच्या पनीरबरोबर परततात. घरी कारल्याच्या दिवशी ज्यांना हमखास बाहेर काम निघतं, त्या माणसानं ते दोनदा मागून घेतलं. मी बघत राहिले. म्हटलं, अठ्ठेचाळीस वर्षं मी काय चुकीचं परतत होते का? शेंगदाण्याचं पनीरही खाल्लं, थंडगार, तोंडात विरघळणारं. आपण शेंगदाण्याचं कूट करून थांबलो, ह्या लोकांनी पुढचा वर्ग गाठला.

घराघराच्या छपरावर मातीचे सिंह बसवलेले, एक जबडा उघडलेला, एक मिटलेला. आणि माणसं वाकून नमस्कार करतात. ह्यांना ते फार आवडलं. दुकानदार वाकला की हे वाकायचे, मग तो परत वाकायचा, मग हे. एका दुकानात तर दोघं असे अडकले, की रेवानं ह्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

झामामी, होळीपौर्णिमा

नाहाच्या पश्चिमेला केरामा नावाची लहान लहान बेटं आहेत. त्यांतल्या झामामी बेटावर जायला बोटीनं दोन तास लागतात. वाटेत देवमासा दिसला म्हणे. सगळी बोट डावीकडं धावली. आम्ही दोघं उजवीकडं बसून धपाटे खात होतो, ते संपेपर्यंत देवमासा गेला. पण पाणी बघितलं. असा निळा रंग मी ह्याआधी फक्त शाईच्या दौतीत बघितला होता, आणि तोही शाळेनं नवी दौत आणली त्या दिवशी.

तंबूंची जागा किनाऱ्याला लागून, झाडीत. राखण करणाऱ्या बाईंचं नाव फुमी. वय बहात्तर, गवताची टोपी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. त्यांनी आम्हाला सात नंबरची जागा दाखवली. रेवानं भाड्याचा तंबू पिशवीतून काढला, दोन काड्या सरकवल्या आणि तो फटकन उभा राहिला. ह्यांना तो अपमान वाटला. "घाम न्हाई, हातोडा न्हाई, हे काय ठोकणं झालं?"

रेवाला प्रवाळांच्या टाक्या बघायला दुपारच्या बोटीनं परत जायचं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. जाताना तिनं आमच्या फोनमध्ये भाषांतराची सोय करून दिली. आपण हिंदीत बोलायचं, फोन जपानी बोलतो. मग बोट उगारून म्हणाली, "नाना, इथून हलायचं नाही हं."

"न्हाई हालत."

बोट टेकडीआड जाते न जाते तोच हे तंबूभोवती फेऱ्या घालू लागले. खाली मुळं टोचत होती, वारा तोंडावर येत होता, झाडावरून मुंग्या पडत होत्या. "जागा बरूबर न्हाई," हे म्हणाले. मग वाळूत उतरले. बोट ओलं करून हवेत धरलं, मूठभर वाळू चोळून बघितली, एका मोठ्या खडकाच्या आडोशाला सपाट, मऊ, छानशी जागा हेरली. माणूस पन्नास वर्षांनी तळाची जागा निवडत होता. कंबर सरळ झाली होती, डोळे बारीक झाले होते. मला कसं तरीच झालं.

"मास्तरीणबाई, काय म्हणता?"

मी तेहतीस वर्षांच्या भूगोलाच्या अनुभवातून जागा पाहिली. वाळू ओलसर होती. तिच्यावर पाण्याच्या नक्षीसारख्या रेघा होत्या. आणि वर, झाडांच्या बाजूला, शेवाळाची एक सरळ ओळ पडली होती. ती बघून मी मनात म्हटलं, काय स्वच्छ लोक आहेत, झाडून एका रेषेत लावलंय.

"सुंदर जागा आहे," मी म्हटलं.

फुमीबाई गावात गेल्या होत्या. आम्ही दोघांनी तंबू उचलून खाली नेला.

संध्याकाळी गावातल्या भोंग्यावर मंजुळ धून वाजली. ग्रामपंचायतीची दवंडी असणार, असं ह्यांनी ठरवून टाकलं. लेकीनं डब्यात पुरणपोळ्या दिल्या होत्या. होळी पेटवायला मनाई होती म्हणून समुद्रालाच नैवेद्य दाखवला. तंबूच्या तोंडाशी घोंगडी अंथरून दोघं बसलो. सूर्य बुडाला होता, उजेड अजून होता. ह्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की मी ठरवलं, हीच वेळ.

"अहो, मला तुम्हाला एक सांगायचंय. फार वर्षं झाली."

"सांग की."

"ते पाचोडला, त्या दिवशी..."

"थांब," हे म्हणाले. "बूड वलं झालं."

आधी मला वाटलं, बाटली सांडली. मग घोंगडीचा दुसरा काठ हलला. मग समुद्र आला. लाटा वगैरे काही नाही, अगदी सभ्यपणे, न बोलता, पाणी नुसतं वर चढत आत शिरलं आणि पुरणपोळीचा डबा घेऊन निघालं. हे उभे राहिले, आणि कालव्यावर नोकरी केलेला माणूस जे म्हणेल तेच म्हणाले.

"आरं! पानी कुणी सोडलं?"

"चंद्रानं!" मी ओरडले. "भरती आहे ही! पौर्णिमेची भरती!"

"मग दुपारी का न्हाई सांगितलं?"

पाचवीच्या किती वर्गांना मी फळ्यावर चंद्र काढून, पृथ्वी काढून, बाण दाखवून भरती-ओहोटी शिकवली असेल! परीक्षेत न लिहिणाऱ्यांना बाकावर उभं केलं होतं. ती सगळी पोरं मला तिथं खडकावर रांगेनं बसून टाळ्या पिटताना दिसली. ह्यांचं तरी काय चुकलं? वारा, पाऊस, लांडगा, सगळ्याचा विचार त्यांनी केला होता. पण मराठवाड्यात पाणी आपल्या पायांनी चालत येत नाही. त्याला आणायला जावं लागतं.

आम्ही तंबू ओढू लागलो. घोंगडी भिजून गाभण मेंढीएवढी जड झाली होती. माझी डाव्या पायातली चप्पल चीनच्या दिशेला गेली. तेवढ्यात वरून फुमीबाई धावत आल्या. त्यांनी पाण्यात उतरून तंबूचा एक कोपरा धरला आणि आम्ही तिघा म्हाताऱ्यांनी तो देवाच्या पालखीसारखा वर आणला. सात नंबरवर टेकवल्यावर त्यांनी दम घेतला, माझ्या फोनमध्ये काहीतरी बोलल्या. फोन हिंदीत म्हणाला, "सात का मतलब सात."

मग घरी जाऊन कोरडी पांघरुणं आणली, वाफाळतं सार आणलं. आमच्यावर रागावल्या नाहीत. पण आमच्याकडं बघून मधूनच टोपीआड तोंड लपवून हसत होत्या. मीही हसू लागले. माझं वाक्य त्या दिवशी भिजून गेलं ते गेलंच.

दुसरा दिवस

सकाळी सगळा संसार दोरीवर. घोंगडीतून तासभर समुद्र गळत होता. शेजारच्या तंबूतल्या तरुण जोडप्यानं न विचारताच आम्हाला कॉफी आणून दिली. परक्या मुलखात आपलं सगळं ओलं झालं, की माणसं किती लवकर आपली होतात! असं काही घरी झालं असतं तर आधी चूक कुणाची ते ठरलं असतं.

फुमीबाईंचं घर मागंच होतं. अंगणात एक पांढरी शेळी, शिरो नावाची. ह्यांनी तिला चालताना बघितलं मात्र, आणि कॉफीचा कप माझ्या हातात दिला. "खुरं वाढल्यात हिची. पाय टेकवंना, बघ."

फोनवरून विचारलं तेव्हा कळलं, खुरं कापायचं काम फुमीबाईंचे यजमान करायचे. दोन वर्षांमागं ते गेले. तेव्हापासून फुमीबाई शिरोच्या पायाला हात लावायला धजावल्या नव्हत्या. ह्यांनी हातानं कात्रीची खूण केली. फुमीबाईंनी झाडं छाटायची कात्री आणली. ह्यांनी शेळीला गुडघ्यांत धरलं, पाय मागं वळवला आणि कट, कट, कट. तोंडानं "हुर्र, हुर्र" चाललेलं. ती जपानी शेळी पाचोडच्या मेंढरासारखी गुमान उभी राहिली. चारही पाय झाले. शिरो दोन पावलं चालली, थांबली, आणि मग अंगणभर उड्या मारत सुटली. फुमीबाई तोंडावर हात ठेवून बघत होत्या. मग त्या ह्यांच्यापुढं इतक्या खाली वाकल्या, की टोपी पडली.

"तुमच्याकडं किती शेळ्या आहेत?" त्यांनी विचारलं.

"एकबी न्हाई," हे म्हणाले.

जेवायला फुमीबाईंनी घरीच बसवलं. कारलं होतं, भात होता, मी दिलेली शेंगदाण्याची चटणी होती. फुमीबाईंनी ती चमचाभर तोंडात टाकली, शिंकल्या, डोळे पुसले आणि परत वाटी पुढं केली. दोघं आपापल्या भाषेत शेळीबद्दल बोलत होते आणि दोघांना सगळं समजत होतं. मी मात्र ह्यांच्या हातांकडं बघत होते. ह्या हातांकडून मी काय हिसकावून घेतलं, ते आज डोळ्यांनी पाहिलं होतं.

दुपारी ऊन चढलं म्हणून तंबूत बसलो. नारिंगी कापडातून उजेड आत गळत होता. मी डोळे मिटले आणि वाक्य म्हणून टाकलं. "त्या दिवशी पाचोडला मी चुकले. माझ्यामुळं तुमची मेंढरं सुटली. माफ करा मला."

हे पायाच्या अंगठ्यानं खालचं कापड उकरत राहिले. मला वाटलं, रडतात की काय.

"आता तूच काढलंस म्हणून सांगतो," शेवटी म्हणाले. "पर चिडू नको."

"कशाला चिडू?"

"कालव्याच्या नोकरीचा अर्ज म्या लग्नाच्या आधीच दिला व्हता."

बाहेर शिरो ओरडली.

"तू बांधावर छत्री धरून उभी व्हतीस ना, तवा मुलाखतीचा कागद माझ्या खिशात व्हता. लई दिस झाले व्हते, मला मेंढरं नको व्हती. पावसात भिजायचं, कुनाच्या बांधाला खूर लागलं की शिव्या खायच्या. पर बाला सांगायची छाती न्हवती. सात पिढ्यांची मेंढरं. मग तू आलीस अन् सगळ्यांम्होरं बोललीस. मला वाटलं, सुटलो."

"आणि बाला काय सांगितलंत?"

"म्हनलो, बायको ऱ्हात न्हाई. काय करू?"

"आणि आक्का मला बोलत होत्या ते? पंगती-पंगतीत? तुम्ही समोर बसलेले असायचात!"

"म्या ताटाकडं बघायचो."

"आणि फाटकाशी उभं राहून मेंढरं बघता ते?"

"आठवतं, व्हय. पर बघतो अन् म्हनतो, बरं झालं. एका शेळीचं कौतिक येगळं. दोनशे मेंढरांमागं चालून बघ."

मी उठले. दार असतं तर आपटलं असतं. कापडाच्या घराचा हा एक मोठाच तोटा आहे. भांडून तरातरा बाहेर पडायचं म्हटलं, तर गुडघ्यावर बसून चेन उघडावी लागते. आणि ती अडकते. आतून हे म्हणाले, "काढून देऊ का?" त्यांनी ती काढून दिली, मग मी रागारागानं बाहेर पडले.

खडकावर जाऊन बसले. अठ्ठेचाळीस वर्षं! किती पंगती, किती खाली घातलेल्या माना! ह्यांचं ताटाकडं बघणं मी दुःख समजत होते, ती भीती होती. एक म्हातारं कासव पाण्यातलं गवत खायला आलं होतं. डोकं वर काढायचं, माझ्याकडं बघायचं, परत बुडी मारायचं. ते चौथ्यांदा वर आलं तेव्हा मला हसू फुटलं. ती छत्रीवाली बया आठवली. तिला वाटत होतं, आपण एका झटक्यात एक घराणं उलथं केलं. केवढा तो रुबाब! आणि प्रत्यक्षात एका घाबरट पोराला पाहिजे होतं तेच ती बोलली होती, तेही ढेकळांत टाचा रुतलेल्या असताना.

खरं सांगायचं तर राग उतरत गेला तशी मला माझी सगळी वर्षं आठवू लागली. क्वार्टरमधली पहिली चूल, माझी शाळा, माझ्या पोरीचं शिक्षण, उन्हाळ्यात कालव्याचं पाणी सुटलं की अंगणात येणारा गारवा. ही वर्षं मी कुणाकडून तरी हिसकावली आहेत, असं समजून जरा अंग चोरून जगले होते. ती माझीच होती. आम्हा दोघांना हवी होती. एवढं कळायला एका बेटावर यावं लागलं, तरी वेळेत कळलं. दोघंही अजून आहोत, दातही बऱ्यापैकी आहेत.

पण एक उरलंच. ह्यांचं ओझं उतरलं म्हणून आत्याबाईंचं उतरत नव्हतं. पाल त्यांनी सारवलं होतं. त्यांच्या तोंडावर बोलले होते ते मीच, त्यात ह्यांचा कागद कुठं आला? आणि त्यांच्याकडं आता कुठं जाणार?

सूर्य कलला तेव्हा परत आले. हे घोंगडीची घडी घालत होते.

"उद्या आक्कांना फोन लावायचा," मी म्हटलं. "माझ्यासमोर. सगळं सांगायचं."

"उद्याच? पडेगावला गेल्यावर सांगू की निवांत."

"उद्या. नाहीतर हा तंबू मी परत पाण्यात नेऊन ठेवते."

तिसरा दिवस

रेवा सकाळच्या बोटीनं आली. तंबू सात नंबरवर बघून खूश झाली. मग तिनं दोरीवरची घोंगडी बघितली, माझ्या एका पायातली फुमीबाईंची सपात बघितली. "काय झालं इथं?"

"नंतर सांगते. आधी आक्कांना व्हिडिओ कॉल लाव."

पाचोडला आक्का नातवाकडं असतात. वय त्र्याऐंशी, आवाज पंचविशीचा. फोनच्या पडद्यावर फक्त त्यांचं कपाळ आणि ठसठशीत कुंकू दिसत होतं. ह्यांनी दोनदा घसा खाकरला, माझ्याकडं बघितलं, मी नजर हटवली नाही. मग एका दमात सगळं सांगितलं. अर्ज, खिशातला कागद, बाशी बोललेलं खोटं.

कपाळावर आठ्या चढल्या.

"मुडद्या," आक्का म्हणाल्या. मग आणखी दोन शब्द, ते मी लिहीत नाही. "अन् म्या हिला इतकी वर्सं बोलले! मास्तरीण कुठंय? दे तिला."

मी फोन घेतला. आता डोळे आणि नाकही दिसू लागलं.

"ऐकलं म्या," आक्का म्हणाल्या. "चुकलं माझं. ये पाचोडला बाजाराच्या दिशी, पुरनाचं जेवन घालते. अन् त्याला आनू नको."

"आक्का, तुमचं काही नाही हो," मी म्हटलं. "पण आत्याबाईंना मी जे बोलले ते बोललेच. त्याचं काय करू?"

"आईचं? आईनं कुठं धरलं व्हतं मनात?" आक्का सहज म्हणाल्या. "त्याच दिशी, तुझी यष्टी गेल्यावर, पालाच्या दोऱ्या सोडता सोडता आई मला म्हनली, 'पोरगी तोंडावर बोलली. जे पोटात ते व्हटात. माझ्या पोराला तेवढंबी जमत न्हाई. हीच सांभाळंल त्याला.'"

मला आधी ऐकू आलं ते खरंच वाटेना. "आक्का! हे तुम्ही मला आजवर कधी सांगितलं नाहीत?"

"सांगितलं आसतं, तर मग तुला बोलले काय आसते?"

मी हसले की रडले, ते मला सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही, आणि आवाज मोठा झाला असावा, कारण फुमीबाई गुळाची पुडी हातात घेऊन अंगणातून तशाच धावत आल्या. मागोमाग शिरो. हे कान लाल करून तंबूच्या दोऱ्या सोडत बसले होते. फुमीबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून रेवाला काहीतरी विचारलं.

"आजी, काय झालं विचारतायत. काय सांगू?"

"सांग, सासूबाईंचा निरोप आला," मी डोळे पुसत म्हटलं. "जरा उशिरा पोचला."

रेवानं जपानीत सांगितलं. फुमीबाईंनी मान डोलावली, डोक्यावरची टोपी काढली, आणि माझ्या हातातल्या फोनपुढं कमरेत वाकून नमस्कार केला.

"कोन गं ही?" फोनमधून आक्का ओरडल्या.